खाजकुयलीचं बी आणि मेंदूचा दिंडी दरवाजा

पावसाळा सरल्यावर त्र्यंबकहून हरसूलकडे निघालं की रस्त्याकडेच्या झुडपांवर एक वेल चढलेली दिसते. शेंगा किंचित वाकड्या, अंगावर सोनेरी-तपकिरी लव. लहानपणी ज्याने त्या लवेला एकदा हात लावलाय त्याला तिचं नाव सांगावं लागत नाही. खाजकुयली. तिच्या लवेत म्युकुनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते कातडीत शिरलं की माणूस अंग ओरबाडून घेतो. गुराखी पोरं तिच्यापासून लांबच राहतात. आणि त्याच शेंगेतलं टणक, चकचकीत बी काष्ठौषधीच्या दुकानात 'कवचबीज' म्हणून वजनावर विकलं जातं.

पंचवटीत माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. एका भिंतीला गोळ्या-इंजेक्शनांची कपाटं, दुसऱ्या भिंतीला आसवं, अरिष्टं, चूर्णं, घृतं. दोन्हीकडची गिऱ्हाइकं एकाच काउंटरला टेकतात. "ताई, आई गॅसवर दूध ठेवते आणि विसरून जाते, ब्राह्मी सुरू करू का?" "बाबांचा हात थरथरतो. आयुर्वेदात काही असेल तर सांगा, म्हणजे साइड इफेक्ट नको." असं आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी विचारतंच. माझ्या वडिलांना, अण्णांना, नऊ वर्षांपासून पार्किन्सन आहे. त्यामुळे हा प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी विचारलाय.

मेंदूला म्हातारपणच्या झिजेपासून वाचवणारी वनस्पती असते का? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देणं मला जमत नाही. पण ते समजून घेता येतं, आणि समजून घ्यायला सगळ्यात चांगली गुरू ही खाजकुयलीच आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

एक झाड झोपवतं, दुसरं उठवतं

मेंदूच्या देठात काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हात उचलायचा, पाऊल टाकायचं, सही करायची, अशा प्रत्येक हालचालीची सुरुवात सहज व्हावी म्हणून ते लागतं. पार्किन्सनमध्ये या पेशी एकेक करून मरतात. लक्षणं दिसायला लागतात तोवर त्यातला मोठा हिस्सा गेलेला असतो. मग हात थरथरतो, चाल खुरडते, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, अक्षर बारीक होत जातं. अण्णा मराठीचे शिक्षक. फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातले शिक्षक डोकवायचे. आमच्या लक्षात पहिलं आलं ते तेच: किराणाच्या यादीतली अक्षरं ओळीच्या शेवटी मुंगीएवढी व्हायला लागली होती.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात 'वेपथु' या नावाने सर्वांगाला आणि डोक्याला कंप सुटणाऱ्या वातविकाराची नोंद आहे. निरीक्षण जुनं होतंच. पण आत नेमकं काय कमी पडतंय हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्या उलगड्यात आपल्याच दोन वनस्पती आहेत. ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवायला हवी असं मला फार वाटतं.

पहिली वनस्पती सर्पगंधा. वेड आणि निद्रानाश यांवर ती देशात पूर्वापार वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर चालते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा खरा, पण काही रुग्णांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. त्यांचे हात थरथरायला लागले, शरीर ताठरलं. पार्किन्सन झाल्यासारखं.

१९५७ च्या सुमारास स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. ससे जागच्या जागी निपचित बसले. कारण रेझर्पिनमुळे मेंदूतला डोपामिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा होतो. मग त्यांनी त्या सशांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे हलायला-फिरायला लागले. डोपामिन कमी पडलं की हालचाल थांबते आणि ते भरून काढलं की परत येते, ही कडी अशी जुळली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हे लेव्होडोपा खाजकुयलीच्या बीमध्ये असतं. १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. तेव्हा त्याचा पार्किन्सनशी संबंध कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे एका झाडाने आजाराची नक्कल करून दाखवली आणि त्यावरचा उपाय दुसऱ्या झाडात आधीपासून बसून होता.

इथे एक प्रामाणिक दुरुस्ती. 'आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी पार्किन्सनवर खाजकुयली ठाऊक होती' असं मोबाइलवर फिरतं. जुन्या ग्रंथांत ही आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू येते ती प्रामुख्याने वृष्य (कामशक्ती वाढवणारी), बल्य (ताकद देणारी) आणि वातहर (वात शमवणारी) म्हणून. वातहर म्हणून कंपावर तिचा वापर झाला, यात आश्चर्य नाही. पण डोपामिनचा हिशेब कळायला ससे, प्रयोगशाळा आणि शेकडो रुग्ण लागले. दोन्ही खरं आहे, आणि एकामुळे दुसरं कमी होत नाही.

दिंडी दरवाजा

आता कुणीही विचारेल, डोपामिन कमी पडतंय तर डोपामिनचीच गोळी का देत नाहीत?

नाशिकच्या तिवंधा चौकाच्या आसपासचे जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चटकन कळेल. वाड्याचा मोठा दरवाजा लोखंडी खिळ्यांचा, बहुतेक वेळ बंद. त्यातच एक लहानशी दिंडी असायची, वाकून आत शिरण्यापुरती. तीही ओळखीच्या माणसालाच उघडी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर असंच आहे. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं बहुतेक सगळं बाहेरच अडतं. डोपामिनही अडतं. मात्र प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्लं मेंदूला लागतातच, म्हणून त्यांच्यासाठी दिंडी ठेवलेली आहे. लेव्होडोपा हे स्वतः एक अमिनो आम्लच. ते त्या दिंडीतून वाकून आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

पार्किन्सनची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या असं सांगतात, त्याचं कारण यातच आहे. वरण, पनीर, अंडी खाल्ली की अमिनो आम्लांची झुंबड उडते आणि लेव्होडोपाला दिंडीत रांग लावावी लागते. अण्णांचं हे आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं. दुपारच्या जेवणात उसळ असली की चार वाजेपर्यंत त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, आणि आम्ही म्हणायचो आज थकलेत.

आणखी एक अडचण. तोंडाने घेतलेल्या लेव्होडोपाचं बरंचसं डोपामिन मेंदूत पोचण्याआधी, आतड्यात आणि रक्तातच होऊन जातं. ते मेंदूच्या कामाचं नाही, उलट मळमळ आणि उलट्या होतात. म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. ते वाटेतली ही गळती थांबवतं, स्वतः मात्र दिंडीतून आत जात नाही. त्यामुळे थोड्या लेव्होडोपात काम भागतं.

हा हिशेब २००४ साली लंडनमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात फार स्पष्ट दिसतो. आठ रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी कधी नेहमीची गोळी, कधी खाजकुयलीच्या बियांची पूड दिली. कुणाला काय दिलंय हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. तीस ग्रॅम पुडीचा परिणाम गोळीच्या साधारण निम्म्या वेळात सुरू झाला आणि थोडा जास्त टिकलाही. खाजकुयली चालते. पण त्या पुडीत हजार मिलिग्रॅम लेव्होडोपा होतं, आणि गोळीत दोनशे. जवळ कार्बिडोपा नसल्यामुळे पाचपट माल लागला. पुढे २०१७ मध्ये बोलिव्हियात अठरा रुग्णांवर भाजलेल्या बियांच्या पुडीचा एकेक डोस देऊन अभ्यास झाला, तिथेही परिणाम गोळीच्या तोडीचा दिसला. ज्या गरीब देशांत रोजची गोळी परवडत नाही तिथे काय करायचं, हा त्यामागचा प्रश्न होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या घरी काय झालं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने अण्णांना कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं. कुठल्या दुकानातून, ते महत्त्वाचं नाही. डब्यावर 'शक्तिवर्धक' एवढंच लिहिलेलं. अण्णा रोज एक चमचा दुधातून घेऊ लागले. गोळ्या चालूच होत्या, आणि मला सांगितलं नाही, कारण 'ते काही औषध नाही, पूड आहे'. आठवडाभरात त्यांची मान आणि खांदे आपोआप डुलायला लागले. खुर्चीत बसले तरी अंग वेलीसारखं हलायचं. रात्री भिंतीवर माणसं दिसायची. आजार वाढला असं समजून आम्ही घाबरलो. प्रत्यक्षात तो लेव्होडोपा जास्त झाल्याचा परिणाम होता. चमच्यातल्या पाच ग्रॅम पुडीत साधारण दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लेव्होडोपा येऊ शकतं. शिवाय गोळीतलं कार्बिडोपा अंगात हजर होतंच. त्याने पुडीतलं लेव्होडोपाही गळू दिलं नाही. नकळत डोस दुप्पट झाला होता. मी औषधवाली असून हे माझ्या घरात घडलं.

आराम वेगळा, राखण वेगळी

आता मूळ प्रश्नाकडे येते. खाजकुयलीने थरथर कमी होते, हे ठीक. पण तिने मेंदूच्या पेशी वाचतात का?

या दोन गोष्टी आपण सारख्या एकमेकीत मिसळतो. विहिरीचं पाणी आटत चाललंय आणि आपण टँकर मागवला, तर घरातला नळ चालतो. विहीर मात्र आटतच राहते. लेव्होडोपा हा टँकर आहे. विहिरीचा झरा टिकवणारं औषध ते वेगळं, त्यालाच मेंदूचं संरक्षण म्हणता येईल.

आणि हे तपासता येतं. नेदरलँड्समध्ये नुकताच पार्किन्सन झालेल्या ४४५ जणांचे दोन गट केले. एकाला लगेच लेव्होडोपा दिलं, दुसऱ्याला चाळीस आठवडे खोटी गोळी (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) आणि मग लेव्होडोपा. औषधाने पेशी वाचत असत्या तर चाळीस आठवडे आधी सुरुवात केलेला गट शेवटपर्यंत पुढे राहिला असता. ऐंशी आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच निघाले. हा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आजारावरचं इतकं उत्तम औषधसुद्धा आजाराची चाल थांबवत नाही, आणि वाढवतही नाही. 'मेंदूचं रक्षण करते' असं डब्यावर लिहिलेल्या किती वनस्पतींची अशी परीक्षा झालीय? फारच थोड्यांची.

जिन्कोची झाली. चीन-जपानकडचं हे झाड, त्याच्या पानांचा अर्क जगभर स्मरणशक्तीसाठी खपतो, आपल्याकडच्या कॅप्सूलांतही असतो. अमेरिकेत पंच्याहत्तरीच्या वरच्या ३०६९ लोकांना सरासरी सहा वर्षं जिन्को किंवा खोटी गोळी दिली. २००८ मध्ये निकाल आला. जिन्को घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. फ्रान्समध्येही पाच वर्षांच्या तशाच मोठ्या अभ्यासात हेच दिसलं.

ब्राह्मी म्हणजे नक्की कोणती?

अल्झायमरचं बिघडणं आणखी गुंतागुंतीचं. १९०६ साली जर्मनीच्या अलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली किटाळं आणि पेशींच्या आत पिळलेले धागे पाहिले. किटाळ असतं अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचं, धागे टाऊ नावाच्या. हे साचणं लक्षणं दिसायच्या दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होतं. नवी आठवण साठवणारा भाग लवकर सापडतो, म्हणून माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची पंगत आठवते आणि सकाळचा चहा आठवत नाही. पेशी मरताना ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं. ते लवकर मोडू नये म्हणून देतात त्या गोळ्यांतली एक, गॅलँटामाइन, कॉकेशस पर्वताकडच्या थंड मुलखातल्या स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कुळातून आली. दुसरी, रिव्हास्टिग्माइन, हिचं मूळ आफ्रिकेतल्या एका विषारी घेवड्यात आहे. म्हणजे वनस्पतींतून मेंदूची औषधं मिळतात याबद्दल शंका नको. पण हीसुद्धा टँकरच.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य रसायनं सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यातही 'मेध्या विशेषेण च शंखपुष्पी' असं म्हणून तिला वरचा मान दिलाय. मेध्य म्हणजे मेधा वाढवणारं. आकलन, धारणा, स्मरण तल्लख राहावं यासाठी धडधाकट माणसाने घ्यायचं रसायन. झिजत चाललेल्या मेंदूवरचा उपचार हा वेगळा विषय आहे, आणि डब्यांवरच्या जाहिराती नेमकी हीच सीमा पुसतात.

बरं, वनस्पती तरी एक आहे का? आपल्या घरी कुंडीत असते ती गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची 'ब्राह्मी' म्हणजे खरी मंडूकपर्णी. शास्त्रीय औषधांच्या यादीत ब्राह्मी म्हणतात ती नीरब्राह्मीला. ही पाणथळ जागी जमिनीसरपट पसरते, पानं लहान, जाडसर, फुलं पांढरी-जांभळट. दोन्हींचं कुळ वेगळं, आतली द्रव्यं वेगळी. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. कुठे तिच्या नावाखाली विष्णुक्रांता मिळते, केरळात गोकर्ण वापरतात, आणि आणखी दोन वनस्पतीही त्याच नावाने चालतात. त्यामुळे 'शंखपुष्पीने फरक पडला' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठली?

माणसांवर बऱ्यापैकी अभ्यास झालेत ते नीरब्राह्मीचे. तिच्यातल्या बॅकोसाइड नावाच्या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने खूप काम केलं. पुढे ऑस्ट्रेलियात निरोगी लोकांना रोज तीनशे मिलिग्रॅम प्रमाणित अर्क बारा आठवडे दिला, तेव्हा नवं शिकलेलं विसरण्याचं प्रमाण काहीसं कमी झालं. फरक छोटा, पण मोजता येण्याजोगा, आणि तो यायला महिने लागले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला ब्राह्मीचं सिरप पाजणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते. आणि हे निकाल निरोगी माणसांचे आहेत. अल्झायमर झालेल्या माणसाची घसरण ब्राह्मीने थांबते, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. पोट ढिलं होणं, पोटात कळ येणं, मळमळणं हे तिचे नेहमीचे त्रास. ब्राह्मीतेलाचं म्हणाल तर डोक्याला मालिश केल्यावर बरं वाटतं, झोप लागते, ते मोलाचं आहेच. पण तेल कवटीतून मेंदूत उतरत नाही.

हळद, द्राक्षं आणि उंदीर

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हळदीतलं करक्युमिन टाकलं तर अमायलॉइड साचणं कमी होतं. बातमी छापून येते, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हळदीच्या कॅप्सूलची मागणी वाढते. आता चमच्याचा हिशेब करू. तीन ग्रॅम हळदीत करक्युमिन शंभर मिलिग्रॅमच्याही आत. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, जे जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. रक्तात नाममात्र पोचतं, आणि पुढे दिंडी आहेच. बशीतल्या पेशींना या वाटेतलं काहीच पार करावं लागत नाही. २०१२ मध्ये अल्झायमरच्या ३६ रुग्णांना रोज दोन किंवा चार ग्रॅम करक्युमिन चोवीस आठवडे देऊन पाहिलं. उपयोग दिसला नाही.

मिऱ्यातल्या पिपरिनने करक्युमिनचं शोषण वीसपट वाढतं, असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून हल्लीच्या कॅप्सूलांत दोन्ही असतात. पण शोषण वाढलं की त्रासही वाढू शकतो. अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीने हे होत नाही.

'भारतात लोक हळद खातात म्हणून अल्झायमर कमी' हेही ऐकलं असेल. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत या आजाराचं प्रमाण फार कमी आढळलं होतं, २००१ साली. त्यात कमी आयुर्मानाचा आणि इतर अनेक गोष्टींचा वाटा असू शकतो. पुढे देशभर घरोघरी जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आला तो असा: साठीच्या वरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश. या सगळ्यांच्या फोडणीत जन्मभर हळद होती.

आपल्या द्राक्षांचंही तसंच. सालीतल्या रेझवेराट्रॉलवर अमेरिकेत ११९ अल्झायमर रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापला गेला. डोस दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत नेला. तेवढं मिळवायला वाइनच्या हजारेक बाटल्या लागतील. द्राक्षं चांगली म्हणून खावीत, पिंपळगाव-दिंडोरीच्या बागाईतदाराचं भलं होवो, पण औषध म्हणून नकोत.

अश्वगंधेचं संशोधन मला खरोखर उत्सुक करतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अल्झायमरसारखा बिघाड असलेल्या उंदरांना मुळाचा अर्क महिनाभर दिला. त्यांची स्मरणशक्ती सुधारली आणि मेंदूतलं अमायलॉइड कमी झालं. गंमत अशी की काम मेंदूत न होता यकृतात झालं होतं. यकृताने रक्तातलं अमायलॉइड ओढून घेण्याची क्षमता वाढवली आणि मेंदूतलं आपोआप बाहेर आलं. म्हणजे दिंडीतून आत जायची गरजच नाही. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कल्पना सुंदर आहे. पण उंदरात अल्झायमर बरा करणारी औषधं याआधी ढिगाने निघाली आणि माणसांत पोचल्यावर बहुतेक गळाली. म्हणून थायरॉइडची गोळी किंवा झोपेची गोळी चालू असलेल्या आजीला मी अश्वगंधा आपणहून देत नाही. ती दोन्हींच्या कामात ढवळाढवळ करू शकते.

पिशवी दाखवा

'झाडपाला आहे, अपाय काय होणार' या वाक्याशी माझं रोजचं भांडण आहे. ज्याच्यात गुण यावा एवढी ताकद आहे, त्याच्यात अवगुणाचीही ताकद असते. आयुर्वेदही हेच सांगतो, म्हणून तर अनुपान, मात्रा, पथ्य यांचा एवढा विचार आहे. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जिन्को किंवा हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव व्हायची भीती असते. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांत गाठी झाल्या, अमेरिकेने ते खाण्यात वापरायला १९६८ सालीच बंदी घातली. आणि इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा दर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, २००८ साली. शिसं तर मेंदूचंच विष. बिनलेबलच्या पुड्या मी कुणाला घेऊ देत नाही. लेबलवर बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग वापरलाय हे हवंच.

विसरायला होतंय म्हणून कुणी आलं तर मी ब्राह्मीच्या आधी विचारते, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या. कितीदा तरी विसरायला लावणारी गोळी त्या पिशवीतच सापडते. सर्दीची, झोपेची, लघवी रोखायची, थरथर थांबवायची काही औषधं ॲसिटिलकोलिनच अडवतात. म्हणजे एकीकडे स्मरणाचं रसायन अडवायचं आणि दुसरीकडे ब्राह्मीने ते वाढेल म्हणून वाट बघायची. डॉक्टरांना सांगून ती गोळी बदलली की माणूस महिनाभरात ताळ्यावर आल्याची उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुसरं, बी-१२. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते कमी असणं सर्रास. तिसरं थायरॉइड, चौथं सोडियम, पाचवं मनाची उदासी. हे सगळं रक्त तपासून आणि बोलून कळतं, आणि बरं होतं.

राखण म्हणून खरोखर काय उरतं? २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने चौदा गोष्टी मोजल्या आणि म्हटलं, त्या सांभाळल्या तर जगातले साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबू शकतील. रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, बसून राहणं, एकटेपण, शिक्षण, हवेतला धूर या त्यातल्या. ऐकू न येणंही त्यात आहे, आणि मला ते सगळ्यात जवळचं वाटतं. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरातले त्यांच्याशी बोलणं सोडतात, मग मेंदूला कामच उरत नाही. श्रवणयंत्राला पैसे नाहीत म्हणणारी माणसं ब्राह्मीघृतावर वर्षाला तेवढेच घालवतात. मला याचा राग येतो, आणि वाईटही वाटतं, कारण दोन्ही खर्चांमागे माया तीच असते.

वैद्याकडे जावं का? जरूर जावं. नाडी बघून, झोप, कोठा, भूक विचारून औषध देणारा शिकलेला वैद्य आणि यू-ट्यूब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अण्णांच्या बद्धकोष्ठतेवर आणि झोपेवर आमच्या वैद्यांनीच उतार दिला, आणि पार्किन्सनमध्ये हे दोन त्रास थरथरीइतकेच छळतात. फक्त एक करायचं: वैद्यांना गोळ्यांची यादी दाखवायची आणि न्यूरॉलॉजिस्टना चूर्णांची.

आमच्या घरी त्यासाठी एक शंभरपानी वही आहे. सकाळी सातला गोळी, साडेसातला नाश्ता, किती वाजता पाय मोकळे झाले, किती वाजता अडकले, दुपारी उसळ होती की नुसता भात, हे सगळं अण्णा स्वतः लिहितात. कवचबीजाचा डबा आला तेव्हा ही वही नव्हती. आता दर तीन महिन्यांनी डॉक्टर आधी तीच उघडतात आणि अक्षर बघतात. सकाळी पावणेसातच्या ओळी बारीक असतात, आठच्या मोठ्या.